डोंगरातले स्वमग्न मूल : तोकड्या साधनांतील संगोपन

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासातली वेगळी घडण आहे. तिची बीजे जन्माआधीच पडलेली असतात, खुणा मात्र आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसू लागतात. या खुणा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. माणसांशी होणारी देवाणघेवाण अवघड जाते : नजर, हावभाव, शब्द, खेळ यांतून इतर मुले जे सहज उचलतात ते या मुलाला सहज उचलता येत नाही. दुसरी खूण आवडीनिवडीची आणि संवेदनांची. तेच खेळणे, तीच हालचाल, तोच क्रम पुन्हा पुन्हा हवासा वाटतो. काही आवाज, स्पर्श, वास, चवी असह्य होतात, तर काही अतिशय प्रिय असतात. एखादे मूल आयुष्यभर बोलत नाही, एखादे भरभर बोलते पण संभाषण करू शकत नाही. बुद्धीची पातळी, झोप, भूक, हालचाल या सगळ्यांत स्वमग्न मुले एकमेकांपासून फार वेगळी असतात.

बाल्टिमोर येथील मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला आणि या अवस्थेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळाले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अस्पर्गर यांनी मिळत्याजुळत्या मुलांविषयी लिहिले. त्याआधी, १९२५च्या सुमारास, रशियात ग्रुन्या सुखारेवा यांनी अशाच मुलांची बारकाईने नोंद केली होती, पण त्या नोंदीकडे जगाचे लक्ष फार उशिरा गेले. १९५० आणि १९६०च्या दशकांत आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, ही समजूत तज्ज्ञांमध्येच पसरली होती. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने १९६४मध्ये तिला शास्त्रीय आधारावर आव्हान दिले. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. कारण आईच्या वागण्यात नाही, याबाबत आज शंका उरलेली नाही. पाच देशांतील कुटुंबांच्या नोंदी तपासून २०१९मध्ये झालेल्या अभ्यासात स्वमग्नतेतील सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिक कारणांनी स्पष्ट होतो असे आढळले. गोवराच्या संयुक्त लसीमुळे स्वमग्नता होते हा दावा करणारा १९९८चा निबंध 'लॅन्सेट'ने २०१०मध्ये मागे घेतला. कुपोषित मुलाला गोवर झाला तर तो जीव घेऊ शकतो, म्हणून जिथे कुपोषण आहे तिथे ही गोष्ट स्पष्टपणे सांगितली गेलीच पाहिजे. आईचे वागणे, ग्रहण, शाप, बाहेरची बाधा, गरोदरपणी पाहिलेले काही, यांपैकी कशानेही मूल स्वमग्न होत नाही. संगोपनाची सुरुवात या एका वाक्यापासून होते, कारण दोषी ठरवलेली आई मुलाकडे मोकळ्या मनाने पाहू शकत नाही.

प्रमाण आणि अदृश्यता

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१मध्ये जगात दर १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. भारतात पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या सुमारे चार हजार मुलांची पाहणी झाली. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार स्वमग्नतेचे प्रमाण साधारण शंभरात एकाच्या आसपास येते. डोंगराळ, ग्रामीण, शहरी आणि आदिवासी लोकवस्ती मुद्दाम निवडलेल्या या पाहणीने एक गोष्ट पक्की केली : स्वमग्नता हा शहरातल्या शिकलेल्या घरांचा प्रश्न नाही. शहरात ती ओळखली जाते. खेड्यात ते मूल मुके, हट्टी, येडसर किंवा लागीर झालेले ठरते.

चिखलदरा तालुक्यात ही अदृश्यता अधिक गडद होते. धारणी आणि चिखलदरा हे अमरावती जिल्ह्यातले दोन तालुके मिळून मेळघाट बनतो. सातपुड्याच्या गाविलगड रांगांत वसलेल्या या मुलखाचा मोठा भाग १९७४पासून व्याघ्र प्रकल्पात आहे. बहुसंख्य लोक कोरकू आहेत. चिखलदरा गाव समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच, थंड हवेचे, पर्यटकांचे. पण तालुक्यातली हतरू, काटकुंभ, जारिदा या भागांतली गावे घाटवाटांनी विखुरलेली आहेत आणि पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की काही गावांचा रस्ता तुटतो. बालविकासतज्ज्ञ, वाचा-उपचारक, व्यवसायोपचारक यांच्यासाठी घाट उतरून परतवाडा आणि पुढे अमरावती गाठावी लागते, बऱ्याचदा नागपूरच. म्हणजे मजुरीचे दोन-तीन दिवस बुडतात. आठवड्याला दोनदा उपचारकेंद्रात जाण्याचा शहरी सल्ला या घराला लागूच पडत नाही.

मेळघाटातील बालमृत्यू १९९३च्या सुमारास राज्यभर गाजले. तेव्हापासून इथली आरोग्ययंत्रणा मुख्यतः मूल जगवण्यासाठी उभी राहिली, आणि ते अगत्याचेच होते. बैरागडला रवींद्र आणि स्मिता कोल्हे, उतावलीला आशिष सातव यांच्यासारख्या डॉक्टरांनी याच कामाला आयुष्य दिले. पण जगलेल्या मुलाच्या विकासाचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. वजनाच्या तक्त्यावर हिरव्या पट्ट्यात असलेले, पण नावाला प्रतिसाद न देणारे मूल यंत्रणेच्या नजरेत निरोगी राहते.

ओळख : काय पाहायचे, कधी पाहायचे

स्वमग्नता रक्ततपासणीत किंवा मेंदूच्या चित्रात दिसत नाही. ती मुलाला पाहून आणि पालकांचे ऐकून ओळखावी लागते. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहते का? हात पुढे करणे, टाटा करणे, मान हलवणे असे हावभाव करते का? दीड वर्षाचे मूल चंद्र, बैल, मोटार बोटाने दाखवून आईच्या तोंडाकडे पाहते का? खोटाखोटा चहा पिण्यासारखा खेळ खेळते का? आलेले चार शब्द मध्येच गळून गेले का? हवी ती वस्तू मागण्याऐवजी मोठ्या माणसाचा हात धरून तो एखाद्या हत्यारासारखा वस्तूकडे नेते का? यातली एखादी खूण एकटी फार काही सांगत नाही. तीन-चार एकत्र दिसल्या तर तपासणी टाळू नये.

या प्रश्नांसाठी वेगळी माणसे नेमावी लागत नाहीत. २०१८पासून आशा स्वयंसेविका लहान मुलांच्या गृहभेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यांत करतात. शेवटच्या दोन भेटी नेमक्या त्या वयात येतात ज्या वयात हाकेला प्रतिसाद आणि बोट दाखवणे तपासता येते. माता-बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. वजन-उंचीच्या रकान्यांइतक्याच गांभीर्याने ते भरले गेले तर काटकुंभचे मूल आणि पुण्याचे मूल एकाच वयात ओळखले जाऊ शकते.

मेळघाटात ओळखीच्या वाटेवर काही खास अडचणी आहेत आणि त्या नीट उकलाव्या लागतात.

पहिली कुपोषणाची. तीव्र कुपोषित मूलही निरुत्साही असते, खेळत नाही, उशिरा बोलते. आहार सुधारल्यावर असे मूल माणसांकडे वळते, हसते, हात पसरते. वजन वाढले, अंगात ताकद आली, तरी देवाणघेवाण सुरू झाली नाही, तर कारण वेगळे शोधले पाहिजे. म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या विकासाची तपासणी व्हायला हवी.

दुसरी कानांची. हाकेला न वळणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी सर्वांत आधी. कान फुटून वाहणे डोंगरात सर्रास आढळते, आणि बहिरेपणाला स्वमग्नता समजणे किंवा स्वमग्नतेला बहिरेपणा समजणे या दोन्ही चुका मुलाची मोलाची वर्षे घेतात.

तिसरी भाषेची. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे. मराठीशी किंवा हिंदीशी तिचे नाते नाही. अंगणवाडीत मराठीतून विचारलेल्या प्रश्नाला गप्प राहणारे मूल घरी कोरकूत भरभरून बोलत असेल, तर ते स्वमग्न नाही. उलट स्वमग्न मुलाचे मौन 'याला मराठी येत नाही' म्हणून वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहू शकते. विकासाची तपासणी कोरकू येणाऱ्या माणसाने, घरातल्या माणसांसमोर केली, तरच ती तपासणी ठरते.

चौथी स्थलांतराची. सुगी संपली की अनेक कुटुंबे कामासाठी अमरावती-अकोल्याच्या सपाट मुलखात, वीटभट्ट्यांवर, मध्य प्रदेशात उतरतात आणि होळीला गावी परततात. तपासणी पथक गावात येते तेव्हा मूल गावात नसते. होळी आणि तिच्यानंतरचा फगवा मागण्याचा काळ हा असा वेळ आहे की जवळजवळ सगळी मुले गावात सापडतात. तपासणीचे वेळापत्रक कार्यालयाच्या सोयीने न ठरता या सणाभोवती ठरले पाहिजे.

निदानापासून प्रमाणपत्रापर्यंत

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातल्याच पालघरहून झाली. या कार्यक्रमातील फिरत्या पथकाने अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासायचे असते. जन्मजात व्यंगे, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब हे तपासणीचे चार भाग आहेत आणि चौथ्या भागात स्वमग्नता येते. संशय आलेल्या मुलाला जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवणे ही त्याची पुढची पायरी. कागदावरची साखळी पूर्ण आहे. तुटते ती संदर्भचिठ्ठी आणि प्रत्यक्ष प्रवास यांच्यामध्ये. चिठ्ठी देताना वाहन, सोबत जाणारी आशा आणि परतीची तारीख ठरलेली असेल, तरच ते मूल केंद्रापर्यंत पोहोचते.

१९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, आणि २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत तिला स्वतंत्र स्थान मिळाले. मोजमापासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली भारतीय मापनश्रेणी वापरली जात आली आहे. तिच्यात ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण ७०च्या खाली स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले की बहुतेक लाभांचा दरवाजा उघडतो : वैश्विक ओळखपत्र, संजय गांधी निराधार योजनेतील मासिक साहाय्य, एसटीच्या भाड्यात सवलत, राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते, हे फार थोड्या गावकऱ्यांना माहीत असते. राज्यात डिसेंबर २०२२पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. प्रमाणपत्राची शिबिरे तालुक्यात भरली तर अमरावतीच्या खेपा वाचतात.

निदान होण्याआधी बहुतेक घरे भूमकाकडे, म्हणजे पारंपरिक वैदूकडे गेलेली असतात. भूमका गावातला माणूस असतो, कोरकूत बोलतो, वेळ देतो आणि घरच्यांचे ऐकून घेतो. दवाखान्यात यातले काहीच मिळत नाही. त्याला शत्रू ठरवून घरे दवाखान्याकडे वळत नाहीत. मेळघाटात आजारी मुलांना रुग्णालयाकडे पाठवण्यासाठी भूमकांना सोबत घेण्याचे प्रयत्न झाले आहेत. विकासाच्या खुणांबाबतही तोच मार्ग खुला आहे. मात्र अंगावर चटके देणे, उपाशी ठेवणे, मारून बाधा उतरवणे यांना कोणतीही सवलत असू शकत नाही. आणि फसवणूक फक्त गावातच होते असे नाही. शहरांत स्वमग्नता बरी करण्याच्या नावाखाली लाखो रुपये घेतले जातात. तिच्यासाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२मध्ये स्पष्ट केले आहे. स्वमग्नता घालवणारे औषध नाही. सोबतच्या अपस्मारावर, टोकाच्या अस्वस्थतेवर औषधे आहेत आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यावी लागतात.

घर हीच शाळा

स्वमग्न मुलाला शिकवण्याचा सर्वांत मोठा भाग रोजच्या देवाणघेवाणीचा असतो, आणि ती देवाणघेवाण जेवताना, आंघोळीला, अंगणात, पाण्याच्या वाटेवर घडते. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. मोठ्या माणसाने आपली चाल थोडी बदलावी लागते.

संवाद. मुलासमोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावे. ते कशाकडे पाहत आहे ते आधी पाहावे आणि त्याच गोष्टीविषयी एक-दोन शब्द बोलावेत. मूल मक्याच्या दाण्यांचा ढीग हातातून सोडत असेल तर आपणही दाणे सोडावेत, 'पडले' म्हणावे आणि थांबावे. हे थांबणे सर्वांत अवघड असते. मुलाला उत्तर जुळवायला वेळ लागतो. मनात दहापर्यंत मोजेपर्यंत मोठ्या माणसाने गप्प राहावे. मुलाची नजर, हाताची हालचाल, तोंडातून निघालेला आवाज, काहीही आले तरी ते बोलणेच आहे असे मानून उत्तर द्यावे. आवडीची वस्तू दिसेल पण हाती लागणार नाही अशी ठेवली की मागण्याचे कारण तयार होते. न बोलणाऱ्या मुलांसाठी शहरांत चित्रांचे पत्ते वापरतात. ज्या घरात चित्रांची सवय नाही तिथे खऱ्या वस्तूंपासून सुरुवात करावी : कळशी दाखवली म्हणजे पाण्याला जायचे, ताटली म्हणजे जेवण, टॉवेल म्हणजे आंघोळ. वस्तूचा अर्थ पक्का झाला की चित्र, आणि चित्रानंतर शब्द. खुणांनी किंवा चित्रांनी बोलणे थांबते ही भीती निराधार आहे.

भाषा कोणती? घराची. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे बोलणे आणखी लांबत नाही, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. आईने मोडक्या मराठीत बोलण्यापेक्षा कोरकूत गाणे म्हणावे. ज्या भाषेत तिचे हसू, राग आणि लाड खरे असतात त्याच भाषेत मूल माणसाशी जोडले जाते.

क्रम. पुढे काय होणार हे कळले की स्वमग्न मूल शांत असते. उठणे, तोंड धुणे, न्याहारी, अंगणवाडी, दुपारची झोप यांचा क्रम शक्यतो तोच ठेवावा आणि बदल असेल तर आधी सांगावा, दाखवावा. मोहफुले वेचण्याच्या दिवसांत आई पहाटेच रानात जाते आणि घराचा क्रम बदलतो. तेव्हा मुलाला सांभाळणारे माणूस आणि त्याचे जेवण तरी तेच राहावे. स्थलांतरात सगळेच बदलते. अशा वेळी तीच गोधडी, तीच ताटली, झोपताना तेच गाणे सोबत नेले तर परक्या झोपडीतही मुलाला ओळखीचे काही सापडते.

कौशल्ये. हात धुणे, कपडे घालणे, शौचाला जाणे ही कामे छोट्या पायऱ्यांत मोडून शिकवावीत. बऱ्याचदा शेवटची पायरी आधी शिकवणे सोपे जाते : सदरा मोठ्या माणसाने घालून द्यावा, शेवटचे टोक खाली ओढण्याचे काम मुलाने करावे. काम पूर्ण झाल्याचा आनंद मुलाच्या वाट्याला येतो. मग शेवटून दुसरी पायरी. घरातली कामे यासाठी उत्तम असतात. कणसे सोलणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, लाकडे रचणे, शेंगा वेगळ्या करणे यांत पुन्हा पुन्हा होणारी क्रिया असते आणि अनेक स्वमग्न मुलांना ती आवडते.

संवेदना आणि वागणूक. मूल किंचाळते, डोके आपटते, चावते, तेव्हा ते काहीतरी सांगत असते. आधी काय घडले आणि नंतर काय मिळाले, हे काही दिवस लक्षात ठेवले की कारण सापडते. मेळघाटचा पाऊस टिनाच्या पत्र्यावर कोसळतो तो आवाज, होळीतले ढोल, बाजाराची गर्दी, नवा खरबरीत गणवेश यांतले काहीही असह्य असू शकते. ढोल सुरू होण्याआधी मुलाला गावाच्या कडेच्या नातेवाइकाकडे नेणे, कानांवर फडके बांधणे, लांबून नाच दाखवून हळूहळू जवळ आणणे, हे उपाय घराला जमतात. दात, कान, पोट दुखत असल्यामुळेही वागणे अचानक बिघडते. न बोलणाऱ्या मुलाची दुखणी शोधावी लागतात. माराने मूल एवढेच शिकते की हे माणूस धोक्याचे आहे.

अन्न. अनेक स्वमग्न मुले दोन-तीनच पदार्थ खातात. अमृत आहार योजनेतले अंडे किंवा केळे अंगणवाडीत मिळते, पण वास किंवा मऊपणा न सोसल्यामुळे मूल ते तोंडात घेत नाही आणि सेविका 'खात नाही' अशी नोंद करते. आवडत्या पदार्थाच्या शेजारी नवा पदार्थ थोडासा ठेवावा. बघणे, हात लावणे, हुंगणे, चाटणे या पायऱ्यांना वेळ द्यावा. जबरीने भरवू नये. काही मुले माती, खडू, चिंध्या खातात. त्यांची रक्तक्षयासाठी तपासणी आणि जंतनाशक गोळी आवश्यक असते.

सुरक्षितता. अनेक स्वमग्न मुले अचानक चालत निघून जातात आणि धोका ओळखत नाहीत. विहीर, नाला, चूल आणि व्याघ्र प्रकल्पाचे जंगल उंबऱ्यापासून जवळ असलेल्या गावात ही जिवावरची गोष्ट आहे. म्हणूनच काही घरे मुलाला दावणीला बांधावे तसे बांधतात. त्यामागे क्रौर्य क्वचितच असते. दिवसभर शेतावर जावे लागणाऱ्या आईबापांची ती हतबलता असते. पण बांधलेले मूल काहीच शिकत नाही. अंगणाला कूड घालणे, पायात घुंगरू बांधणे, विहिरीला झाकण, शेजारच्या चार घरांनी वेळ वाटून घेणे, गुराख्यांना आणि वनरक्षकांना मुलाची ओळख करून देणे, हे पर्याय गाव मिळून करू शकते. कोरकू वस्तीत घरे समोरासमोर, ओळीत असतात आणि मुले सगळ्यांच्या नजरेत वाढतात. शहरातल्या बंद घराला नसलेले हे बळ आहे.

पालकांना कोण शिकवणार

वर सांगितलेले सगळे पालकांना जमते, पण ते त्यांना कोणीतरी शेजारी बसून दाखवावे लागते. तज्ज्ञ नसताना हे होऊ शकते का, या प्रश्नाचे उत्तर मराठी मुलखाच्या जवळच मिळाले आहे. १९९६मध्ये स्थापन झालेल्या गोव्यातील 'संगाथ' संस्थेने, रावळपिंडीतील सहकाऱ्यांसह, ब्रिटनमधील एक पालककेंद्री पद्धत दक्षिण आशियासाठी घडवली. तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी पालक-मुलाच्या खेळाचे चित्रीकरण केले आणि तेच पालकांना दाखवून, मूल कुठे संवाद साधत होते हे लक्षात आणून दिले. २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१६मध्ये प्रसिद्ध झाले. पालक मुलाच्या कलाने अधिक प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून अधिक संवाद साधू लागली. दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर एकत्र राहण्याचा वेळ मात्र घटला. चाचणी लहान होती, पण साध्या मोबाइलच्या काळात ही पद्धत खेड्यात नेता येण्याजोगी आहे हे तिने दाखवले.

जागतिक आरोग्य संघटनेचा पालक-कौशल्य कार्यक्रमही याच विचारावर उभा आहे : विकासात मागे असलेल्या २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी नऊ गटसत्रे आणि तीन गृहभेटी, त्याही तज्ज्ञ नसलेल्या माणसांकडून. निदान हाती येण्याची वाट त्यात पाहावी लागत नाही. विलंब दिसला की सुरुवात करता येते.

विदर्भाला हा मार्ग नवा नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि प्रयोगाच्या ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले. पुढे तेच काम देशभर आशांकडे आले. कमी शिकलेल्या बाईला बाळाचा श्वास वाचवता येतो, तर बाळाशी खेळायचे कसे हे दुसऱ्या आईला शिकवणे तिच्या आवाक्याबाहेरचे नाही. अंगणवाडीतील दिव्यांग मुलांसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२३मध्ये स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. मुंबईत २००१पासून काम करणाऱ्या 'उमीद' बालविकास केंद्रासारख्या संस्थांकडे समाजातील कार्यकर्त्यांना शिकवण्याचा अनुभव आहे. मेळघाटासाठी उरलेले काम नेमके आहे : कोरकू बोलणाऱ्या आशा-सेविकांतून काहींना खोलवर शिकवणे, महिन्याला त्यांच्या कामावर देखरेख करणारा तज्ज्ञ देणे, आणि या कामाचा वेगळा मोबदला देणे. बिनपगारी ओझे म्हणून लादलेली कोणतीही योजना टिकत नाही.

आईच्या बाबतीतही हेच खरे आहे. घर हीच शाळा, याचा अर्थ सगळे आईवर सोपवणे असा होत नाही. पाणी, सरपण, मजुरी, इतर लेकरे आणि स्वमग्न मूल असा दिवस तिचा असतो. त्यात दोष तिच्याच माथी मारला जातो. वडील, आजी-आजोबा, काकू यांना गृहभेटीत सोबत बसवणे, पालकांचा गट जमवणे, दिवसातले काही तास मूल अंगणवाडीत सुरक्षित राहील याची हमी देणे हे आईला दिलेले उपचारच आहेत. धाकट्याला कडेवर घेऊन शाळा सोडणाऱ्या मोठ्या बहिणीचाही विचार व्हायला हवा. तिच्या शिक्षणाची किंमत देऊन भावाचे संगोपन व्हावे, हा न्याय नव्हे.

शाळा

कायद्याने ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या निवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. समग्र शिक्षा अभियानात फिरते विशेष शिक्षक आणि शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी घरी जाऊन शिक्षण यांची तरतूद आहे. डोंगरातल्या छोट्या जिल्हा परिषद शाळेचा एक फायदा आहे : पट कमी, वेगवेगळ्या वयाची मुले एकत्र, ओळखीचे गुरुजी. स्वमग्न मुलासाठी बसण्याची ठरलेली जागा, भिंतीवर दिवसाचा क्रम, सूचना लहान आणि एका वेळी एक, गोंधळ वाढला की बाहेर झाडाखाली बसण्याची मुभा, आणि एक समजूतदार वर्गमित्र, एवढे केले तरी मूल वर्गात टिकू शकते. आश्रमशाळेचा प्रश्न जास्त कठीण आहे. शंभर-दीडशे मुलांचे वसतिगृह, घंटेवर चालणारा दिवस आणि घरापासून दुरावा यांत आधार न देता स्वमग्न मुलाला ठेवणे त्याच्यासाठी धोक्याचे आहे. अशा मुलाला घराजवळ ठेवून शिकवण्याचा पर्याय आदिवासी विकास विभागाने खुला ठेवला पाहिजे.

मोठेपण आणि आईबापांनंतर

स्वमग्न मूल स्वमग्न प्रौढ होते. मेळघाटातल्या शेती-जंगलाच्या जगात त्याला जागा आहे : गुरे राखणे, रोपवाटिका, बांबूकाम, मधाच्या पेट्या, पाणी भरणे यांत ठरावीक क्रमाचे काम असते. काम लहानपणापासून सोबत करून शिकवले आणि एखादा माणूस बरोबर राहिला, तर अनेकांना ते जमते. रोजगार हमीच्या कामावर अशा तरुणाला सोबतीसह घेणे अशक्य नाही. सरकारी नोकरीतील ४ टक्के राखीव जागांत स्वमग्नतेचाही समावेश आहे, पण तिथवर पोहोचणारे थोडे. बाकीच्यांसाठी गावातलेच काम खरे. वयात येताना शरीराचे बदल, मासिक पाळीची निगा, परक्याचा स्पर्श नाकारणे हेही पायरीपायरीने शिकवावे लागते, कारण न बोलणाऱ्या मुलामुलींवर अत्याचाराचा धोका जास्त असतो.

आईबाप गेल्यावर काय, हा प्रश्न प्रत्येक घराला छळतो. राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती १८ वर्षांवरील स्वमग्न व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमू शकते. जमिनीचा हिस्सा, बँकेचे खाते, निवृत्तिवेतन यांसाठी हे पालकत्व वेळेवर घेतलेले बरे. ज्यांना कोणीच नाही त्यांचा विचार मेळघाटाच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे अनेक वर्षे चालू आहे. तिथल्या अंबादासपंत वैद्य बालगृहात शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या शंभराहून अधिक दिव्यांग मुलांना आपले नाव दिले आणि वाढवले. त्यांना २०२४मध्ये पद्मश्री मिळाली. १८ वर्षे पूर्ण झाली म्हणून बालगृहातून बाहेर काढले तर अशा मुलांनी जायचे कुठे, हा त्यांचा सातत्याचा प्रश्न आहे आणि बेवारस दिव्यांगांच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा ही त्यांची मागणी. एका माणसाच्या मायेने उभे राहिलेले हे काम प्रत्येक जिल्ह्यात व्यवस्थेने उभे करणे शासनाचे कर्तव्य आहे.

साधने तोकडी असलेल्या भागातल्या संगोपनाचा क्रम असा ठरतो. बाराव्या-पंधराव्या महिन्यात घरी जाऊन खुणा पाहणे. कान आणि पोषण तपासणे. निदानाची वाट न पाहता पालकांना त्यांच्या भाषेत शिकवणे सुरू करणे. निदान व प्रमाणपत्र तालुक्यातच देणे. शाळेत जागा करून देणे. मोठेपणी काम आणि पालकत्व ठरवणे. यातल्या बहुतेक पायऱ्यांची माणसे गावात आधीच आहेत आणि कायद्यांची तरतूदही आहे. त्यांना जोडणारे प्रशिक्षण, देखरेख, वाहन आणि मोबदला एवढे शासनाने दिले, तर हतरूच्या मुलाला माणसांत आणण्यासाठी त्याच्या आईला नागपूर गाठावे लागणार नाही.